मामांची मीटिंग आणि माझं ताट

प्रश्न :

ताई, मी २३ वर्षांची आहे. पुण्यात हॉस्टेलवर असताना, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी माझं खाणं बिघडलं. डाएट म्हणून सुरू केलं आणि मग ते थांबवणं माझ्या हातात राहिलं नाही. शेवटी बाबा येऊन मला घरी घेऊन गेले. ‘अ‍ॅनोरेक्सिया’ हा शब्द मी पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीत ऐकला. सव्वा वर्ष उपचार चालू आहेत. डॉक्टर आणि डाएटिशियन दोघंही चांगले आहेत, मी बरीच सुधारले आहे.

माझे मामा खालच्या मजल्यावर राहतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांची दारू सुटली. अजूनही ते दर गुरुवारी ए. ए.च्या मीटिंगला जातात, रात्री साडेनऊला परत येतात आणि एकटेच जेवतात. त्या दिवशी त्यांचा चेहरा वेगळा दिसतो. मी तोपर्यंत सातलाच जेवण उरकून वर गेलेली असते. आमच्या गावात मला झालेला आजार झालेली दुसरी मुलगी मला माहीत नाही. डॉक्टरांना म्हटलं, मला असं कुणी भेटेल का? ते म्हणाले, ‘बघू, घाई नको.’

दारू सोडणाऱ्यांना गट मिळतो, मग आम्हाला का नाही? आणि मिळाला तर तो चांगला की त्यात धोका आहे? नाव छापू नका.

उत्तर :

नाव छापलं नाही, गावही नाही. तुझ्या पत्रात वजनाचे दोन आकडेही होते, तुझं सगळ्यात कमी झालेलं आणि आताचं. तेही मी खोडले. राग मानू नकोस. तुझ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर त्या खोडण्यातच आहे, त्याकडे येतेच.

आधी मामांबद्दल. त्यांच्या मीटिंगचं मूळ एका फसलेल्या धंद्याच्या फेरीत आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात अडकला होता. व्यवहार बुडाला होता, हातात पैसा नव्हता आणि हॉटेलच्या बारमधून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. आज आपण पिणार, हे त्याला कळून चुकलं. तेव्हा तो टेलिफोनवर बसला आणि एकामागून एक फोन करत त्याने गावातला दुसरा एक दारुडा शोधून काढला. तो होता डॉ. बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. बिल त्याला सुधारायला गेला नव्हता, स्वतः वाचायला गेला होता. त्या दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभी राहिली. मराठी माणसाला हा सगळा प्रकार अनोळखी नाही. १९८६ साली डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं आणि व्यसनातून बाहेर आलेला माणूसच दुसऱ्याला बाहेर काढू शकतो, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर पोचली.

मग तुमच्या आजारासाठी हेच का उचलता आलं नाही? उचलून पाहिलं गेलं. १९६० मध्ये लॉस एंजेलिसला ओव्हरइटर्स अ‍ॅनॉनिमस निघाली, तिचा साचा ए. ए.चाच. अनिर्बंध खाण्याच्या त्रासाने पिचलेल्या पुष्कळ जणांना तिथे आसरा मिळाला. पण मामांचा नियम सरळ आहे : पहिला पेला उचलायचाच नाही. बाटली घरात नको, त्या रस्त्याने जायला नको. तुला मात्र ज्याची भीती वाटते ते दिवसातून चार-पाच वेळा समोर घेऊन बसायचं आहे, आणि तेही जन्मभर. ‘वर्ज्य’ हा शब्द मामांना तारतो. तुझा आजार त्याच शब्दावर पोसलेला आहे. आधी गोड वर्ज्य, मग तेल, मग भात, मग रात्रीचं जेवण, अशीच त्याची वाट असते ना? म्हणून वर्ज्य पदार्थांची यादी देणारा कुठलाही गट, त्यातली माणसं कितीही प्रेमळ असली तरी, अ‍ॅनोरेक्सियातून उठणाऱ्या मुलीच्या कामाचा नाही. हे ध्यानात घेऊन २००० साली अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्सला ईटिंग डिसऑर्डर्स अ‍ॅनॉनिमस असा वेगळा गट निघाला. तिथे सुधारण्याच्या पायऱ्या ए. ए.च्याच बारा आहेत, पण ध्येय वर्ज्य करण्याचं नाही, समतोलाचं आहे.

दुसरा फरक अवघड आहे आणि तो बोलून दाखवायला जीभ जड होते. मामांच्या मीटिंगमध्ये कुणी सांगितलं की मी रोज दोन बाटल्या प्यायचो, तर ऐकणाऱ्याला त्याचा हेवा वाटत नाही. तुमच्या आजारात वाटतो. एक जण म्हणाली, ‘मी इतकी खाली गेले होते’, की दुसरीच्या मनात, तिची इच्छा नसतानाही, तुलना सुरू होते : मी तर तेवढी आजारी कधी नव्हतेच, मग मला इथे बसायचा काय हक्क? अशा मुलींना एकत्र ठेवणाऱ्या वॉर्डांत हे डॉक्टरांनी आणि नर्सनी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. ताटात सगळ्यात हळू कोण खातं, कोणी किती उरवलं, कुणाला नळी लागली, याची मूक शर्यत लागते. एकमेकींकडून लपवालपवीच्या युक्त्या शिकल्या जातात. एकमेकींना आजारी ‘राहायला’ बळ देणारे कंपूही जगात आहेत. ते स्वतःला आधारगटच म्हणवतात. तुझे डॉक्टर ‘घाई नको’ म्हणाले ते याच धास्तीने म्हणाले असणार. पण ‘घाई नको’ म्हणजे ‘नको’ नव्हे. हे त्यांनी तुला नीट उलगडून सांगायला हवं होतं. (आपल्याकडे डॉक्टर अर्धं वाक्य बोलतात आणि उरलेलं पेशंट घरी जाऊन पूर्ण करतो, बहुधा चुकीचं.)

म्हणून मी आकडे खोडले. हे पान तुझ्यासारख्या आणखी काही जणी वाचणार. त्यांच्या हाती मोजायला पट्टी कशाला द्यायची?

आता उलट बाजू. ताटाशी कुणी बसावं, या प्रश्नावर वैद्यकशास्त्राने दीडशे वर्षं कोलांट्या मारल्या आहेत. १८७३ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोघांनी जवळपास एकाच वेळी या आजाराचं वर्णन केलं. गलचं ठाम मत असं, की अशा रुग्णाची शुश्रूषा करायला नातेवाईक सगळ्यात निकामी. पुढे कित्येक दशकं तेच चाललं : मुलीला घरातून उचला, एकटी ठेवा, भेटी बंद. वजन वाढलं की घरी पाठवा. घरी पोचली की पुन्हा तेच. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधल्या मंडळींनी गाडी उलटी फिरवली. आईबापांनाच टेबलाशी बसवलं आणि सांगितलं, मुलीला जेवू घालणं हेच सध्या तुमचं औषध. कमी वयाच्या, आजार फार जुना न झालेल्या मुलांसाठी ही पद्धत आज पहिल्या पसंतीची मानली जाते. तू तेविशीत आहेस, तुझ्या बाबतीत घरच्यांचा वाटा निराळा असेल. पण मुद्दा तोच : एकटं ठेवल्याने हा आजार बळावतो, सोबतीने मऊ पडतो. सोबत कुणाची आणि कसली, एवढंच ठरवायचं राहतं.

सोबत ‘कसली’ नसावी याचं एक उदाहरण मला फार वर्षांपासून आठवतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीझ या शास्त्रज्ञाने उपासमारीचा अभ्यास केला. युद्धात लढायला नकार दिलेले ३६ निरोगी तरुण आपणहून त्यात आले. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं आणि मग पुन्हा खायला घालून काय होतं ते पाहिलं. युद्धाने उपाशी ठेवलेल्या युरोपला पुन्हा कसं जेववायचं, हे शोधायचं होतं. ते तरुण चिडके झाले, एकलकोंडे झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटं चाटू लागले. यातल्या एकालाही बारीक व्हायचं नव्हतं. म्हणजे तुला ज्या सवयींची लाज वाटते त्यातल्या कितीतरी तुझ्या स्वभावाच्या नाहीतच, त्या भुकेच्या आहेत. तर सांगत होते ते असं, की त्यांतला एक जण बाहेर जाऊन चोरून खातो हे लक्षात आल्यावर कीझने नियम केला : इमारतीबाहेर एकट्याने जायचं नाही, जोडीदार बरोबर हवा. तो जोडीदार म्हणजे पहारेकरी. एकाने दुसऱ्याला खाण्यापासून रोखायचं.

आपल्या घरात नेमकी उलटी पण त्याच जातीची जोडी जमते. आई ताटाकडे बघते, बाबा आईकडे बघतात, आजी दोघांकडे. ‘एवढंच?’ ‘तो घास कुठे गेला?’ ‘बाथरूममध्ये इतका वेळ?’ सुरुवातीला हा पहारा लागतोच, जीव वाचवायला लागतो. पण पहारेकऱ्याशी मन मोकळं करता येत नाही. तुला मामांसारखी माणसं हवी आहेत ती इथे.

मग याच आजारातून बाहेर आलेली सोबतीण नेमकं देते काय? मिनेसोटाच्या त्या तरुणांना नंतर पोटभर अन्न मिळालं तरी कित्येक महिने भूक भागेना. खाऊन उठले तरी खा-खा होत होती. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, जी मी छापली नाही, पण तिचा अर्थ हाच होता : ‘आता सुटले तर थांबणारच नाही असं वाटतं.’ डॉक्टरांनी तुला सांगितलं असेल की ही भूक साहजिक आहे, ओसरेल. तू ऐकलंस आणि विश्वास ठेवला नाहीस. हेच वाक्य जिला दोन वर्षांपूर्वी तसंच झालं होतं आणि जी आता तुझ्यासमोर मजेत मिसळ खाते आहे, ती म्हणाली तर? ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ हे आपण नुसतं दुःखाच्या हिशेबात म्हणतो. पण ज्याचं विझलं, त्यालाही कळतं, आणि तुला गरज आहे ती या दुसऱ्याची.

आणखी एक मराठी दुखणं सांगते, जे परदेशी पुस्तकात सापडणार नाही. आपल्याकडे वजन वाढलं हे प्रेमाने सांगायचं असेल तर म्हणतात, ‘तब्येत सुधारली हं तुझी!’ लग्नाच्या हॉलमध्ये काकू येते, गालाला हात लावते आणि हे म्हणते. म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा असतं. आणि त्या रात्री मुलगी जेवत नाही. कारण तिच्या कानात पोचलेलं वाक्य असतं, ‘जाड झालीस.’ हे आईला समजावून सांगायला तासभर लागतो, तरी तिला वाटतं पोरगी तिखट झालीये. सोबतिणीला ‘आज काकूने तब्येत सुधारली म्हटलं’ एवढा मेसेज पुरतो. ती विचारते, ‘जेवलीस का? नाही? मी पण आता बसतेय, ये.’ झालं. या दोन ओळींना मी आधार म्हणते.

उपासाचंही तसंच. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. तुझ्या वयाच्या मुलीने उपास धरला तर घरात कौतुक होतं आणि आजाराला अंगठीसारखी बसणारी जागा मिळते. कुणी हटकत नाही. देवाचं नाव असतं. ‘माझा उपास बंद आहे, डॉक्टरांनी सांगितलंय’ हे आजीला कसं सांगायचं, आजीने ‘औषधापुरता तर देवही सोडतो’ म्हटलं तर त्यावर हसायचं कसं, हे ज्यांनी सांगून पाहिलंय त्यांच्याकडूनच शिकावं.

इथे जरा थांबून एक सावधगिरी सांगते, कारण ती आपल्या घरांना फार लागू आहे. १९६५ साली फ्रँक रीसमन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने एक निरीक्षण मांडलं : दुसऱ्याला मदत करणाराच मदतीने अधिक बरा होतो. बिल विल्सनची गोष्ट तेच सांगते. पण तुमच्या आजारात यात एक चोरदरवाजा आहे. अ‍ॅनोरेक्सिया झालेल्या कित्येक जणी स्वयंपाक फार सुंदर करतात, सगळ्यांना आग्रहाने वाढतात, भावंडांनी पुरेसं खाल्लं की नाही यावर बारीक लक्ष ठेवतात, आणि स्वतः खात नाहीत. आपल्याकडे ‘सगळ्यांचं झाल्यावर बसते’ हा तर बाईचा गुणच मानला जातो. त्यामुळे आजार सुगरणीचा पदर घेऊन वर्षानुवर्षं सुखाने राहू शकतो. आधारगटातही हे होतं. एखादी मुलगी रात्री दोनपर्यंत बाकीच्यांचे फोन घेते, सगळ्यांची ताई होते, आणि तिच्या स्वतःच्या ताटाची चौकशी कुणी केलेली नसते. तू तशी होशील अशी मला तुझ्या पत्रावरून थोडी शंका आहे. चार पानांच्या पत्रातली एक आईच्या गुडघेदुखीवर आणि एक भावाच्या परीक्षेवर होती! म्हणून आधी घे. द्यायचं नंतर बघू. चांगल्या संस्था तर एखादीला मार्गदर्शक सोबतीण म्हणून नेमण्याआधी ती स्वतः बराच काळ स्थिर आहे ना, हे पाहतातच.

आता शोधायचं कुठे. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ही वाट जुनी आहे. अमेरिकेत १९७६ साली विव्हियन मीहान या नर्सने ‘अ‍ॅनॅड’ ही संस्था काढली, तिचे आधारगट आजही विनामूल्य चालतात. ब्रिटनमध्ये १९८९ पासून काम करणारी संस्था आता ‘बीट’ नावाने ओळखली जाते. २००८ मध्ये ‘फीस्ट’ ही आईवडिलांसाठीची संस्था सुरू झाली. तुझी आई इंग्रजी वाचत असेल तर तिला ती जरूर दाखव, कारण पहारेकरीही थकतो. यांतल्या पुष्कळ बैठका आता व्हिडिओवर होतात. मात्र दोन गोष्टी पाहून घे. काही गट त्या त्या देशातल्या रहिवाशांपुरतेच असतात. आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार किंवा साडेपाच झालेले असतात. झोप मोडून, उपाशीपोटी पडद्यासमोर बसणं हा आधार नव्हे. ब्रिटनची संध्याकाळ आपल्या रात्री साडेदहा-साडेअकराला येते, ती त्यातल्या त्यात बरी. भाषेचाही प्रश्न आहे. इंग्रजीत ‘बॉडी इमेज’वर तासभर बोलता येईल, पण आजीच्या साबुदाण्याच्या खिचडीचं काय करायचं, ते तिकडच्या मुलीला कसं सांगणार?

महाराष्ट्रात स्वमदत गटांची परंपरा चांगली आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांचे आहेत, पार्किन्सन्सचे आहेत, व्यसनमुक्तांचे तर गावोगाव आहेत. खाण्याच्या विकारांचे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही सहज सापडत नाहीत. कारण उघड आहे. हा आजार आपल्याकडे ‘श्रीमंतांच्या पोरींचं फॅड’ म्हणून कितीतरी वर्षं झटकला गेला. जिथे आजाराला नाव मिळत नाही, तिथे आजारी माणसं एकमेकांना ओळखणार कशी? मुलग्यांचं तर याहून अवघड आहे. जिममध्ये जाऊन खाणं कापत नेणाऱ्या मुलाला कुणी आजारी म्हणत नाही, शिस्तीचा म्हणतात.

म्हणून तुझ्यापुरता मला सगळ्यात सरळ वाटणारा मार्ग म्हणजे डॉक्टरांनाच पुन्हा विचारणं, पण प्रश्न बदलून. ‘मला गट मिळेल का’ असं विचारू नकोस. विचार, ‘तुमच्याकडून बरी होऊन गेलेली, निदान वर्षभर नीट असलेली एखादी मुलगी माझ्याशी महिन्यातून दोनदा बोलायला तयार होईल का? तिला विचाराल? तुमच्या डोळ्यांसमोर पहिली भेट झाली तरी चालेल.’ असा प्रश्न टाळणं डॉक्टरला जड जातं. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात अशा जोड्या जुळवून पाहण्याचे छोटे प्रयोग झाले आहेत. निष्कर्ष काही जादूचे नाहीत, पण एकटेपणा कमी होतो आणि उपचारांत टिकून राहायला मदत होते, असं साधारण दिसतं. आणखी एक गंमत सांगते. मुलींना हा आजार होऊच नये म्हणून अमेरिकेत एरिक स्टाइस यांनी ‘बॉडी प्रोजेक्ट’ नावाचा छोटा अभ्यासवर्ग तयार केला. त्यात मुलींनी स्वतःच ‘बारीक म्हणजे सुंदर’ या कल्पनेविरुद्ध वाद घालायचा असतो. हे वर्ग प्रशिक्षण घेतलेल्या कॉलेजच्या मुलींनी चालवले, तेव्हाही त्यांचा उपयोग तज्ज्ञांनी चालवलेल्या वर्गांहून कमी ठरला नाही. वयाने जवळच्या माणसाचं ऐकलं जातं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

कुणी भेटलीच, किंवा एखाद्या गटात पाऊल टाकलंस, तर पहिल्या दोन भेटींतच कस लागतो. आकडे निघतात का, हे बघ. वजन, कॅलरी, कपड्यांचे साइझ, आजारपणातले फोटो, ‘मी काय करायचे’ याची सविस्तर वर्णनं. निघाले आणि कुणी थांबवलं नाही, तर पर्स उचल आणि निघ, औपचारिक कारण द्यायचीही गरज नाही. चांगल्या गटात आजाराबद्दल कमी आणि आयुष्याबद्दल जास्त बोललं जातं : नोकरी, भांडण, प्रेम, केस गळणं थांबलं की नाही, पाळी परत आली तेव्हा काय वाटलं. घरी येऊन जेवताना हलकं वाटतं की जड, हा आणखी एक काटा. याच काट्यावर तुला चढायची परवानगी आहे.

एक गोष्ट मी कुणाही सोबतिणीवर सोपवणार नाही. चक्कर येऊन पडणं, छाती धडधडणं, पायांवर सूज, उलटीत रक्त, वजन पुन्हा झपाट्याने उतरणं, यात फोन सोबतिणीला करायचा नाही, हॉस्पिटल गाठायचं. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्यांपैकी हा एक आहे आणि त्यात हृदय दगा देतं तसंच मनही. मरणाचे विचार आले तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतून उपलब्ध आहे. आणि बराच काळ उपाशी राहिलेल्या व्यक्तीला मैत्रिणीच्या आग्रहाने एकदम भरपूर जेवू घालणं हेही धोक्याचं. दुसऱ्या महायुद्धात सुटका झालेल्या उपाशी कैद्यांत हे दिसलं होतं : अन्न मिळालं आणि रक्तातले क्षार कोसळून माणसं दगावली. तू तो टप्पा ओलांडला आहेस, पण उद्या तुला कुणी तशी मुलगी भेटली तर तिला आधी डॉक्टरकडे ने, मग जेवायला बस.

‘जेवायला बस’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. मामांच्या गटात माणसं बोलून बरी होतात. तुझ्या आजारात बोलण्याने अर्धंच काम होतं. उरलेलं मांडीला मांडी लावून बसल्याने, ताटाला ताट लावल्याने होतं. समोरच्याच्या ताटात आमटी-भात आहे, तो तुझ्या ताटाकडे बघत नाही, पावसाबद्दल किंवा एसटीच्या गर्दीबद्दल बोलतो आहे आणि जेवतो आहे. जेवण झाल्यावरचा जो अर्धा-पाऊण तास तुला सगळ्यात जड जातो, त्यात उठून जात नाही, पत्ते काढतो किंवा भांडी विसळायला बोलावतो. यासाठी त्याला तुझाच आजार झालेला असावा लागत नाही. कशावर तरी पाय घट्ट रोवून उभं राहायची सवय त्याला हवी, आणि न विचारण्याची.

तू लिहिलं आहेस, मामा गुरुवारी साडेनऊला एकटेच जेवतात. तू सातलाच उरकून वर जातेस. का, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. डाएटिशियनला विचारून गुरुवारचं संध्याकाळचं खाणं थोडं वाढवून घे, म्हणजे साडेनऊपर्यंत पोट रिकामं राहणार नाही. मामींना सांगून ठेव की दोघांचं झाकून ठेवा. पहिल्या गुरुवारी काही सांगत बसू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वाटलं तर त्यांना विचार, की अकरा वर्षांपूर्वी पहिल्या मीटिंगच्या दारात ते किती वेळ उभे होते आणि आत कुणी बोलावलं.